फेहू : गुरं, सोनं आणि भाऊबंदकी

रून्स म्हणजे उत्तर युरोपातल्या एका जुन्या लिपीची अक्षरं. आज ती दगडांवर कोरून भविष्य बघायला वापरतात, आणि फेहू हे त्यातलं एक अक्षर. रून्सच्या थैलीत हात घातला आणि फेहूचा दगड निघाला, की विचारणाऱ्याचा चेहरा खुलतो. दगडांबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत त्यापुढे साधारण ठरलेला मजकूर असतो: धनलाभ, भरभराट, अडकलेला पैसा मोकळा होणार. पगारवाढीकडे डोळे लावून बसलेल्याला आणखी काय हवं! पण ज्यांनी ही अक्षरं शतकानुशतकं कोरली, त्या लोकांच्या उत्तर युरोपातल्या जुन्या कविता उघडल्या, तर फेहूच्या ओळीत सगळ्यात आधी भांडण भेटतं. तेसुद्धा सख्ख्या नात्यातलं.

आधी अक्षराची ओळख करून घेऊ. एक उभी रेघ, आणि तिच्या उजव्या अंगाला वर तिरक्या गेलेल्या दोन रेघा. रोमन 'एफ'चे हात कुणी वर उचलले तर जसं दिसेल तसं. उच्चारही 'फ'चाच. रून लिपीत आडव्या रेघा सहसा नसतात. ही अक्षरं मुळात लाकडावर सुरीनं कोरायची होती, आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनं मारलेला काप दिसत नाही, शिवाय लाकूड चिरण्याची भीती. म्हणून उभ्या आणि तिरक्या रेघांवर भागवलेलं. आज ठामपणे वाचता येणाऱ्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक डेन्मार्कच्या फ्यून बेटावर विमोस इथल्या दलदलीत सापडला. सुमारे इ.स. १६० चा कंगवा आहे तो, आणि त्यावर 'हार्या' एवढंच कोरलेलं आहे. लिपीच्या आरंभाचा पुरावा म्हणून कंगवा मिळावा हे मला फार आवडतं. गूढविद्येच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

जुन्या लिपीत २४ अक्षरं होती. त्यांचा पूर्ण क्रम स्वीडनच्या गोटलंड बेटावरच्या क्यूल्व्हर इथल्या दगडावर मिळतो, साधारण इ.स. ४०० चा. पहिली सहा अक्षरं फ, उ, थ, अ, र, क. त्यावरूनच या लिपीला 'फुथार्क' म्हणतात. म्हणजे फेहूचं पहिलं वैशिष्ट्य अगदी साधं: तो या लिपीचा श्रीगणेशा आहे. २४ अक्षरांचे आठ-आठचे तीन गट असत. स्वीडनमधल्या वाडस्टेना इथं सापडलेल्या सोन्याच्या पदकावर ते ठिपके देऊन वेगळे दाखवले आहेत. बऱ्याच नंतरच्या आइसलंडी हस्तलिखितांत पहिल्या गटाला फ्रेय या देवाचं नाव दिलेलं आढळतं. फ्रेय म्हणजे पाऊस, ऊन, पीक आणि सुबत्तेचा देव. आजचे रून वाचणारे फेहूचा संबंध फ्रेय आणि त्याची बहीण फ्रेया यांच्याशी लावतात, तो बराचसा इथून आला.

आपण मुलांना 'ग गणपतीचा' शिकवतो, तसं रून लिपीत प्रत्येक अक्षराचं नावच त्या आवाजानं सुरू होणारा एक शब्द असे. 'फ' धनाचा. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, हे नाव 'फे', जुन्या इंग्रजीत 'फेओह', आणि गॉथिक भाषेच्या अक्षरनावांची नोंद असलेल्या व्हिएन्नातल्या एका हस्तलिखितात 'फे'. 'फेहू' हे रूप मात्र अक्षराचं नाव म्हणून कुठल्याही दगडावर कोरलेलं नाही. वरच्या तिन्ही रूपांवरून भाषाशास्त्रज्ञांनी मागे जात जात ते बांधलं आहे. २४ अक्षरांच्या काळातली सगळीच नावं अशी पुनर्रचित आहेत. 'प्राचीन फेहू मंत्र' म्हणून कुणी काही विकत असेल तर एवढं लक्षात असू द्यावं.

शब्दाचा अर्थ गुरंढोरं, आणि त्यावरून धन. आपल्या 'पशु'चाच हा दूरचा नातेवाईक आहे. संस्कृतातला 'प' जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, आइसलंडी यांच्या कुटुंबात, 'फ' होतो, पितृचा फादर होतो, त्याच नियमानं. जर्मनमध्ये आजही गुरांना 'फी' म्हणतात, आणि आइसलंडमध्ये 'फ्ये' या एकाच शब्दाचा अर्थ पैसाही होतो आणि मेंढरंही. ज्यांच्या भाषेत 'गोधन' आणि 'पशुधन' हे शब्द आहेत त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. आइसलंडमध्ये तर हे हिशेबाच्या वहीपर्यंत गेलं होतं. तिथं 'कूगिल्डी' नावाचं मूल्याचं एकक होतं. एका गायीची किंमत म्हणजे एक कूगिल्डी, आणि सहा मेंढ्या मिळून एका गायीइतक्या धरल्या जात. शेतजमिनीचा खंड, देणीघेणी, सगळं अशा एककांत मोजलं जाई. नाणं फारसं हाताशी नसलेल्या देशात दावणीला बांधलेलं जनावर हीच बँक.

पण ही बँक खाते-पिते, आजारी पडते आणि मरते. आइसलंडला ते नाव देणाऱ्या फ्लोकीची गोष्ट याच कारणासाठी सांगण्यासारखी आहे. तो नॉर्वेहून गुरं घेऊन तिथं राहायलाच आला होता. उन्हाळा आला, फ्योर्डात, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीत, मासे इतके, की सगळी माणसं मासेमारीत रमली आणि गवत कापून साठवायचं राहून गेलं. हिवाळ्यात सगळी जनावरं मेली. वसंतात डोंगरावर चढून पाहिलं तर पलीकडचा फ्योर्ड बर्फानं भरलेला. वैतागून त्यानं नाव ठेवलं 'बर्फाचा देश'. फेहू म्हणजे असलं धन: वैरण घातली तर वाढणारं, एक उन्हाळा दुर्लक्ष केलं तर संपणारं.

कायद्याच्या भाषेत बोलायचं तर ही जंगम मालमत्ता. स्थावर मालमत्तेची रून वेगळी आहे. तिचं नाव ओथाला, अर्थ वाडवडिलांची जमीन, आणि गंमत म्हणजे ती लिपीच्या अगदी टोकाला येते, शेवटची किंवा शेवटून दुसरी. हा क्रम कुणी अर्थ मनात ठेवून लावला की आपोआप तसा पडला यावर मी काही इमले बांधणार नाही, पण फेहू वाचताना ओथाला आठवणं उपयोगी पडतं. हलणारं, हस्तांतर होणारं, चरायला जाणारं ते फेहू. बांध-बंधारा घालून बसलेलं ते ओथाला.

आता मुख्य ऐवजाकडे येऊ. अक्षरांच्या नावांचा अर्थ सांगणाऱ्या तीन 'रून-कविता' आपल्यापर्यंत पोचल्या आहेत: जुनी इंग्रजी, नॉर्वेजियन आणि आइसलंडी. पोचल्या हे नशीबच. इंग्रजी कवितेचं हस्तलिखित लंडनमध्ये १७३१ च्या आगीत जळालं. जॉर्ज हिक्स या विद्वानानं त्याआधी १७०५ मध्ये ती छापून ठेवली नसती तर २९ कडव्यांपैकी एकही उरलं नसतं. नॉर्वेजियन कवितेचं मूळ हस्तलिखितही नष्ट झालं, सतराव्या शतकातल्या नकला उरल्या. आइसलंडी कविता सुमारे १५०० सालच्या हस्तलिखितात आहे. याहून जुनी, नवव्या शतकातली एक छोटी यादी स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालच्या मठात आहे, तिथं या अक्षरापुढे फक्त 'फेउ पहिलं' एवढंच म्हटलेलं आहे.

नॉर्वेजियन ओळ अशी: धनापायी सोयऱ्यांत भांडण लागतं, लांडगा रानात वाढतो.

आइसलंडी: धन म्हणजे आप्तांचा कलह, समुद्राचा अग्नी, आणि बिळातल्या माशाची वाट.

जुनी इंग्रजी: धन हा प्रत्येक माणसाला दिलासा, तरी ज्याला प्रभूपुढे मान मिळवायचा आहे त्यानं ते मोकळ्या हातानं वाटलं पाहिजे.

तीनपैकी दोन कवितांची सुरुवात भाऊबंदकीनं होते. इंग्रजी कविता दिलासा म्हणते, पण पुढच्याच श्वासात 'वाटा' म्हणून बजावते. तिघींपैकी कुणीही 'धन येणार' असं म्हणत नाही. ते आल्यावर माणसांचं काय होतं, याचीच त्यांना काळजी.

नॉर्वेजियन ओळीतल्या लांडग्यावर अभ्यासकांनी बरीच डोकी खाजवली आहेत. त्या कवितेत प्रत्येक कडव्याचा दुसरा भाग असाच तुटक वाटतो. मला तो इथं चपखल वाटतो. लांडगा रानात वाढतो, तो कुठून येणार हे ठाऊक असतं, त्याच्यासाठी कुंपण घालता येतं. गोठ्यातल्या गुरांवरून घरात पेटलेल्या वैराला कुंपण कुठं घालणार?

आइसलंडी ओळ मात्र कोड्यासारखी आहे, आणि ती उलगडायला एक गोष्ट सांगावी लागते. नॉर्स कवींना वस्तूचं सरळ नाव घेणं कमीपणाचं वाटे. 'समुद्राचा अग्नी' म्हणजे सोनं, कारण समुद्राचा स्वामी एगिर याच्या दरबारात दिव्यांऐवजी झळाळणारं सोनं ठेवलेलं असे. 'बिळातला मासा' म्हणजे साप, आणि त्याची 'वाट' म्हणजे तो ज्यावर वेटोळं घालून बसतो ते, पुन्हा सोनंच. हा साप ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा होता.

तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्तुर्लुसननं लिहून ठेवलेली कथा अशी. ओडिन, हेनिर आणि लोकी हे तीन देव फिरायला निघाले. धबधब्यापाशी एक पाणमांजर डोळे मिटून मासा खात बसलं होतं. लोकीनं दगड फेकला, एका दगडात पाणमांजर आणि मासा दोन्ही मिळाले म्हणून खूश झाला. संध्याकाळी ते ह्रेइडमार नावाच्या शेतकऱ्याकडे मुक्कामाला गेले आणि शिकार दाखवली. ती शिकार म्हणजे ह्रेइडमारचा मुलगा होता, रूप बदलून मासे धरणारा. बापानं आणि उरलेल्या दोन मुलांनी, फाफनिर आणि रेगिन यांनी, देवांना धरून ठेवलं. रक्ताची भरपाई ठरली: पाणमांजराचं कातडं आतून सोन्यानं भरायचं आणि बाहेरून सोन्यानं पूर्ण झाकायचं. लोकीनं आंदवारी नावाच्या बुटक्याला पकडून त्याचं सगळं सोनं काढून घेतलं, बोटातली शेवटची अंगठीसुद्धा सोडली नाही. बुटक्यानं शाप दिला, की ही अंगठी ज्याच्याकडे जाईल त्याचा जीव घेईल. कातडं झाकून झालं, फक्त मिशीचा एक केस उघडा दिसत होता. ह्रेइडमारनं तोही झाकायला लावला. ओडिननं मनाविरुद्ध अंगठी काढून त्यावर ठेवली.

देव गेले, सोनं घरात राहिलं. मुलांनी वाटा मागितला, बाप म्हणाला देणार नाही. मुलांनी बापाला मारलं. रेगिननं भावाकडे अर्धा वाटा मागितला, फाफनिर म्हणाला, निघ इथून. मग फाफनिर माळरानावर जाऊन नाग होऊन त्या सोन्यावर झोपला. पुढे रेगिननं सिगुर्ड नावाच्या पोराला हाताशी धरून भावाला मारवलं, आणि शेवटी सिगुर्डनं रेगिनलाही मारलं. वाटणीच्या वादाची अशी गोष्ट महाराष्ट्रातल्या कुठल्याही दिवाणी कोर्टातल्या वकिलाला फार परकी वाटू नये, नाग होण्याचा भाग वगळता.

आइसलंडी कवितेच्या दहाएक शब्दांत ही सगळी कथा दडलेली आहे. सोन्याचा नाग आणि आप्तांचा कलह एकाच ओळीत आले, की ऐकणाऱ्याला ह्रेइडमारचं घर आठवल्याशिवाय राहत नसणार.

इंग्रजी कवितेतलं 'वाटा' हेही वरवरचं पुण्यवचन नाही. त्या समाजात सरदाराचा मोठेपणा त्यानं हातात घालायची किती कडी आणि किती शस्त्रं वाटली यावर ठरे. जुन्या इंग्रजी काव्यात राजाला सर्रास 'कडी वाटणारा' म्हणतात. साठवून ठेवणारा राजा वाईट राजा. कवितेतला 'प्रभू' स्वर्गातला की दरबारातला, हे मूळ शब्दावरून ठरत नाही, आणि ख्रिस्ती कवीनं बहुधा दोन्ही मनात ठेवले असावेत. क्युनेवुल्फ नावाच्या कवीनं तर आपल्या कवितांच्या शेवटी स्वतःच्या नावाची अक्षरं रून्समध्ये गुंफली. त्यात 'फ'ची पाळी आली की ते अक्षर 'धन' म्हणून वाचायचं. एका कवितेत तो म्हणतो, आकाशाखाली धन कुणालाही उसनंच मिळतं. ओडिनच्या तोंडी घातलेल्या नॉर्स सुभाषितांतही हाच 'फे' येतो: गुरं मरतात, आप्त मरतात, आपणही तसेच मरतो, पण ज्यानं चांगलं नाव कमावलं त्याचं नाव मरत नाही. तिथं मरणाऱ्यांच्या यादीत पहिला मान फेहूचा आहे.

हे झालं अर्थाचं. आता या अक्षरात काही शक्ती आहे असं ते लोक मानत होते का? मानत होते, निदान काही जण. दक्षिण स्वीडनच्या ब्लेकिंगे भागात गुमार्प इथं एक दगड होता. त्यावरचा मजकूर असा वाचला जातो: हाथुवुल्फनं तीन अक्षरं ठेवली, फ फ फ. बस, एवढंच. तीन वेळा 'फ' म्हणजे धन, धन, धन, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. याला जोड देणारा स्टेंटोफ्टेनचा दगड त्याच भागातला, सातव्या शतकाच्या आसपासचा. त्यावर त्याच नावाच्या माणसानं नऊ बोकड आणि नऊ घोड्यांच्या मोबदल्यात 'चांगलं वर्ष' दिल्याचं लिहिलं आहे, आणि 'वर्ष' हा शब्द लिहिण्याऐवजी त्या अर्थाची एकच रून कोरली आहे. म्हणजे एक अक्षर पूर्ण शब्दासाठी, कदाचित शब्दामागच्या आशेसाठी, वापरायची रीत होती. गुमार्पचा दगड पुढे कोपनहेगनला नेला आणि १७२८ च्या आगीत तो गेला. आज त्याची चित्रं उरली आहेत. फेहूला तिथं कुणी प्रश्न विचारलेला नाही हे मात्र बघा. हाथुवुल्फनं धन मागितलं, धन येईल का असं विचारलं नाही. कोरणं आणि कौल लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि बहुसंख्य रून लेखांत यातलं काहीच नाही. नॉर्वेतल्या बर्गनच्या गोदीवर १९५५ मध्ये आग लागली, त्यानंतरच्या उत्खननात मध्ययुगातले सहाशेहून जास्त रून लेख निघाले. व्यापाऱ्यांनी मालाला बांधायच्या मालकीच्या चिठ्ठ्या, प्रार्थना, चावट ओळी, प्रेमपत्रं. एका काठीवर आहे: ग्यूडा म्हणते, घरी ये. गुत्त्यात बसलेल्या नवऱ्याला पाठवलेला निरोप असावा, असा सगळ्यांचा अंदाज. ही लिपी लोक लिहायला वापरत होते, त्यात किराणाही आला आणि बायकोचा रागही.

मग कौल लावण्याचं काय? जर्मानिक लोक चिठ्ठ्या टाकून दैव विचारत यात शंका नाही. इ.स.पू. ५८ मध्ये सीझरचा दूत प्रोसिलस शत्रूच्या हाती सापडला होता. त्याला लगेच जाळायचं की नंतर, यासाठी त्याच्या डोळ्यांदेखत तीन वेळा चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि तिन्ही वेळा तो वाचला. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ९८ मध्ये पद्धतच सांगतो: फळझाडाची फांदी तोडायची, तिचे तुकडे करायचे, त्यांवर खुणा करायच्या, पांढऱ्या कापडावर विखुरायचे. गावाचं काम असेल तर पुरोहित, घरचं असेल तर घरातला कर्ता पुरुष आकाशाकडे बघत एकेक करून तीन तुकडे उचलतो आणि खुणांवरून अर्थ सांगतो. आजची तीन रून्सची मांडणी याच वर्णनावर उभी आहे. नवव्या शतकात स्वीडनच्या बिर्का बंदरात ख्रिस्ती धर्मप्रसाराला मुभा द्यायची की नाही हेही राजानं कौल लावूनच ठरवलं होतं.

अडचण एकच आहे. यातला एकही लेखक त्या खुणा रून्स होत्या असं म्हणत नाही. टॅसिटसच्या वेळचे वादातीत रून लेखही आपल्याकडे नाहीत, विमोसचा कंगवा त्याच्यानंतर साठेक वर्षांचा. तेव्हा 'दोन हजार वर्षांची रून ज्योतिषाची परंपरा' हे वाक्य दोन खऱ्या गोष्टी शिवून तयार केलेलं आहे, आणि शिवण दिसते.

आजची पद्धत कुठून आली हे मात्र नीट माहीत आहे. ऑस्ट्रियाचा गुइडो फॉन लिस्ट १९०२ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने डोळ्यांवर पट्टी बांधून होता. त्या काळात आपल्याला रून्सचं रहस्य उलगडलं असा त्याचा दावा. त्यानं स्वतःची १८ रून्सची यादी केली आणि १९०८ मध्ये पुस्तकरूपात आणली. तिची सुरुवातही 'फा'नंच होते. या वंशवादी गूढवादाच्या वळचणीतूनच पुढे नाझींनी रून चिन्हं उचलली. नाझींच्या एसएस दलाचं दुहेरी रून चिन्ह जर्मनीत आजही कायद्यानं बंद आहे. फेहू त्या बदनामीतून बहुतांशी सुटला, तरी गळ्यात किंवा दंडावर रून मिरवण्याआधी ती कुठली आहे हे बघून घेतलेलं बरं.

दुसरं वळण अमेरिकेचं. राल्फ ब्लम यांचं रून्सवरचं पुस्तक १९८२ मध्ये दगडांच्या संचासह आलं आणि प्रचंड खपलं. थैलीत हात घालून एक दगड काढायची आज रूढ झालेली पद्धत त्यामुळे घरोघरी पोचली. त्यात २५ वा कोरा दगडही होता, 'अज्ञात नियती'चा. तो शुद्ध आधुनिक आहे, जुन्या लिपीत त्याला जागाच नाही, कारण जे कोरलंच नाही ते अक्षर कसलं? ब्लम यांनी अक्षरांचा क्रमही बदलला, आणि निदान क्यूल्व्हरच्या दगडापासून पहिलं असलेलं फेहू रांगेत मागे गेलं. रून अभ्यासकांना त्यांचं नाव काढलं तरी घाम फुटतो, पण खरं सांगायचं तर ब्लम नसते तर पुण्या-मुंबईत टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्यांच्या टेबलावर हे दगड दिसले नसते.

उलट्या पडलेल्या रूनचा वेगळा, बहुधा वाईट, अर्थ लावणं हीदेखील अशीच नवी चाल. फेहू सुलटा म्हणजे लाभ, उलटा म्हणजे तोटा, हाव, बुडालेली उधारी. टॅरोच्या पत्त्यांवरून ही सवय आली असावी असं मला वाटतं. जुन्या लेखांत मजकूर डावीकडून उजवीकडे जातो, उजवीकडून डावीकडेही येतो, अक्षरं आरशातल्यासारखी वळतात, कधी डोक्यावरही उभी राहतात, आणि त्यानं अर्थ बदलत नाही. शिवाय २४ पैकी आठ-नऊ अक्षरं उलटी केली तरी तशीच दिसतात, म्हणजे त्यांना वाईट व्हायची सोयच नाही. फेहूला तर उलटा करायची गरजही नाही. भांडण त्याच्या सुलट्या अर्थातच आहे.

इतकं वाचूनही कुणाला दगड काढायचाच असेल, तर मी अडवणार नाही. थोडं गणित सांगतो. २४ दगडांतून तीन काढले तर त्यात फेहू असण्याची शक्यता आठात एक. त्यामुळे तो आला म्हणून विश्वानं खास तुमच्यासाठी निवडला असं समजायचं कारण नाही. पण एखादी जुनी ओळ समोर आल्यावर आपल्या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूनं बघता येतं, एवढं काम ती नक्की करते.

समजा, प्रश्न नव्या धंद्याचा आहे आणि फेहू निघाला. पुस्तिका म्हणेल, उडी मारा. जुना अर्थ घेतला तर विचारावं लागेल, हिवाळ्याची वैरण साठवली आहे का? फ्लोकीकडे मासे भरपूर होते. भागीदार सख्खा भाऊ असेल तर नॉर्वेजियन ओळ समोर धरून आधी करार लिहून घ्यावा. प्रश्न वडिलोपार्जित घराचा असेल तर फेहू त्या प्रश्नाचा धनीच नाही, ती गोष्ट ओथालाची. फेहू त्या घरातल्या दागिन्यांबद्दल आणि बँकेतल्या ठेवींबद्दल बोलेल, आणि वाटण्या वेळेत करा असं सांगेल, कारण ह्रेइडमारनं केल्या नव्हत्या. बढती मिळेल का, या प्रश्नावर इंग्रजी कडवं मला सर्वांत कामाचं वाटतं: मिळाली तर दिलासा आहेच, पण हाताखालच्यांना काय देणार? लग्नाबद्दल, तब्येतीबद्दल विचारलं आणि फेहू आला, तर ओढूनताणून 'प्रेमाची संपत्ती' वगैरे वाचू नये. असली वाचनं सगळ्याच प्रश्नांना बसतात आणि म्हणून कुठल्याच प्रश्नाला बसत नाहीत.

अर्धवट ज्ञानाची भीती जुन्या लोकांनाही होतीच. आइसलंडचा कवी एगिल एका आजारी मुलीच्या घरी गेला. तिच्या अंथरुणात देवमाशाच्या हाडावर रून्स कोरलेल्या सापडल्या. गावातल्या एका पोरानं तिचं मन वळवायला कोरल्या होत्या, पण चुकीच्या, त्यामुळे ती जास्तच खंगली. एगिलनं त्या खरवडून जाळल्या, नव्या कोरल्या, आणि ती बरी झाली. ज्याला नीट वाचता येत नाही त्यानं रून्स कोरू नयेत, असं तो तिथं सुनावतो. पाकिटात फेहू काढून ठेवणाऱ्यांनी निदान रेघा कुठल्या बाजूला वळतात एवढं पाहावं.

आणि मनासारखा दगड येईपर्यंत पुन्हा पुन्हा थैलीत हात घालायची सवय असेल, तर टॅसिटसनं त्याच वर्णनात त्या लोकांचा नियमही दिला आहे. कौल 'नाही' आला तर त्या बाबतीत त्या दिवशी पुन्हा विचारायचं नाही. 'हो' आला तरी लगेच विश्वास ठेवायचा नाही, पक्ष्यांच्या उडण्यावरून किंवा ओरडण्यावरून आणखी एकदा खात्री करून घ्यायची.